शोकसभांचे वक्ते आणि मानेतली डावी नळी

जे घडलं त्याचा इतिहास होतो. जे घडू दिलं नाही त्याची नोंद कोणी ठेवत नाही. मी माझं सगळं आयुष्य न घडलेल्या गोष्टींसाठी खर्च केलं.

हे वाक्य मी निवृत्तीच्या समारंभात म्हटलं होतं. टाळ्या मिळाल्या, म्हणून इथे पुन्हा वापरलं. त्याची दुसरी बाजू शाल पांघरून सांगण्यासारखी नव्हती, ती आता सांगते. माझ्या उपचारानंतर ज्यांना लकवा झाला नाही, त्यांतल्या बऱ्याच जणांना तो माझ्याशिवायही झाला नसता. नेमका कोणाला झाला असता, हे कळायला मार्ग नाही. पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो. मला दाखवायला फक्त चालतीबोलती माणसं आहेत, आणि माझ्या दवाखान्याची पायरीही न चढलेली चालतीबोलती माणसं इंदूरमध्ये पुष्कळ आहेत.

मी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉक्टर. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मुख्य नळ्या चार, दोन मानेच्या पुढच्या बाजूने जातात, दोन मागून. वय, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांच्या कृपेने त्या आतून जाड होतात आणि अरुंद होत जातात. पेशंटना समजावताना मी नर्मदेच्या पाण्याच्या लाईनचं उदाहरण देत असे. नळाला प्रेशर नाही ही गोष्ट इंदूरच्या माणसाला जितकी चटकन कळते, तितकी दुसरी कुठलीच कळत नाही. पण उदाहरण अर्धंच खरं आहे. नुसतं प्रेशर कमी झालं तर मेंदू बरेच दिवस निभावून नेतो. खरी भीती असते ती आत साठलेल्या चरबीच्या खरपुडीचा तुकडा सुटून पुढच्या बारीक फांदीत अडकण्याची. त्या फांदीवर जे काम अवलंबून असेल ते तिथेच थांबतं. कोणाचा हात जातो, कोणाची नजर, कोणाचं बोलणं.

पुष्कळदा मोठ्या झटक्याआधी एक छोटा येऊन जातो. तुकडा अडकतो आणि आपणहून विरघळतो. काही मिनिटं हात लुळा पडतो किंवा शब्द सापडत नाही, मग सगळं पूर्ववत. आम्ही याला चेतावणी म्हणतो. पेशंट याला गॅस म्हणतात. इंदूरमध्ये गॅस हा सर्वमान्य आजार आहे, आणि सकाळी पोहे, दुपारी कचोरी, संध्याकाळी पुन्हा शेव असा दिनक्रम असल्यावर त्यांचंही अगदीच चूक नसतं. फक्त गॅसने तोंड एका बाजूला वाकडं होत नाही. चेतावणीनंतरचे पहिले काही दिवस आणि आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमके तेच दिवस माणसं आता बरं वाटतंय या आनंदात घालवतात.

उपचारांचं म्हणाल तर मुख्य उपचार गोळ्यांचाच. रक्त पातळ ठेवणारी एक किंवा दोन, चरबीची एक, रक्तदाबाच्या लागतील तितक्या, आणि तंबाखू बंद. आपल्या लोकांत नळ्या कवटीच्या आत अरुंद होण्याचं प्रमाण बरंच आहे, आणि तिथे तर गोळ्यांसारखं दुसरं काही नाही. कवटीच्या आत मी स्टेंट बसवले आहेत. न बसवलेल्या काहींचं समाधान मला जास्त आहे. पण वर्तमानपत्रात फोटो स्टेंटचा येतो, गोळीचा येत नाही.

गोळी घेणं वाटतं तितकं सोपंही नाही. जुनी इंदूर भागातल्या एक आजी होत्या, माझ्याच माहेरच्या गल्लीतल्या. त्यांना दोन गोळ्या लिहून दिल्या होत्या, जेवणानंतर. आजी चातुर्मासात उपवासांची रांग लावत. उपवासाच्या दिवशी गोळी नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "जेवलेच नाही तर जेवणानंतरची गोळी कधी घेऊ, तूच सांग." युक्तिवादात खोट काढता येईना. त्या दिवसापासून मी चिठ्ठीवर 'जेवा अगर न जेवा' असं लिहू लागले. औषधाच्या दुकानदारांना तो माझ्या स्वभावाचा भाग वाटत असे.

मानेतली नळी अरुंद झाली आणि चेतावणीही येऊन गेली, तर मात्र गोळ्यांच्या जोडीने काहीतरी करावं लागतं. एकतर सर्जन मान उघडून नळी साफ करतात, नाहीतर आमच्यासारखे लोक जांघेतल्या नळीतून तार वर नेऊन तिथे जाळीदार स्टेंट बसवतात. दोन्हींत धोका असा की, जे टाळण्यासाठी हा खटाटोप करायचा, तेच त्या खटाटोपात होऊ शकतं. हे पेशंटला सांगितल्यावर तो आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, तिची सवय होत नाही.

सियागंजमध्ये सुकामेव्याची घाऊक दुकानदारी करणारे एक शेठजी माझ्याकडे आले होते. डाव्या नळीत मोठी अडचण, चेतावणी येऊन गेलेली. दिवाळीच्या आधीचे दिवस. म्हणाले, "मॅडमजी, बस सीजन निकल जाने दो, फिर जो बोलोगे करवा लेंगे." मी जे बोलायचं ते बोलले. ते सीझन संपायच्या आत परत आले, स्ट्रेचरवरून. वाचले. पण त्यांच्याजवळ एकच शब्द राहिला, 'अच्छा'. मुलं त्यांना दुकानात आणून बसवतात. गिऱ्हाईक भाव विचारतं, ते म्हणतात अच्छा. नातू शाळेतून येतो, अच्छा. वैतागले की तेच, रडू आलं की तेच. त्यांना सगळं समजतं. हे मला घरच्यांना सांगावं लागे, आणि सांगताना शेठजी समोर बसून ऐकत असत.

हे सांगून ठेवलं, कारण दादासाहेब खरगोणकरांच्या बाबतीत मी जी घाई केली ती त्याशिवाय कळायची नाही.

इंदूरमध्ये माणूस गेला की तिसऱ्या दिवशी उठावणा, म्हणजे सांत्वनाची बैठक, होतो. मुळात ही आमची पद्धत नाही, पण इतक्या पिढ्या इथे राहिल्यावर मराठी घरांनीही ती घेतली. आणि माणूस जरा नावाजलेला असला तर पुढे आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात शोकसभा. हार घातलेला फोटो, पांढऱ्या चादरी, उदबत्ती आणि भाषणं. या भाषणांतलं शेवटचं आणि मुख्य भाषण बरीच वर्षं ठरलेलं होतं. ते दादासाहेबांचं. शिक्षण विभागातून उपसंचालक म्हणून निवृत्त झालेले, बडा गणपतीजवळ राहणारे, भर मे महिन्यातही काळा बंद गळ्याचा कोट घालणारे. आवाज असा की ओळखपाळख नसलेल्या मृताविषयीही हळहळ वाटावी.

माझ्या वडिलांच्या शोकसभेतही ते बोलले होते. वडिलांना त्यांनी अजातशत्रू म्हटलं. वडिलांचे त्या वेळी जिल्हा न्यायालयात तीन दावे चालू होते. त्यांतले दोन प्रतिवादी पहिल्या रांगेत बसून माना डोलवत होते.

तर एका निवृत्त बँक मॅनेजरांची शोकसभा होती. मॅनेजर आमच्या गल्लीतले, म्हणून मी तिसऱ्या रांगेत होते. दादासाहेब उजव्या हातात गुलाबाचं फूल घेऊन फोटोशेजारी उभे होते. भाषण संपल्यावर फूल फोटोला वाहायचं, अशी त्यांची पद्धत.

"आज आपल्यातून जे गेले," दादासाहेब म्हणाले, "ते केवळ एक व्यक्ती नव्हते. ते एक..."

आणि थांबले. त्यांचे पॉज प्रसिद्ध होते, त्यामुळे कोणी काही मनावर घेतलं नाही. पॉज लांबला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मग हातातलं फूल निसटलं आणि बरोबर फोटोच्या पायाशी पडलं. सभागृहात कोणीतरी हुंदका दिला. माझ्या शेजारच्या बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "किती जिव्हाळा होता हो!"

मी दादासाहेबांच्या तोंडाचा उजवा कोपरा बघत होते. तो खाली आला होता.

मी उठले आणि सरळ त्यांच्यापाशी गेले. शोकसभेत असं कोणी उठत नाही. हळू आवाजात म्हटलं, "काका, दोन्ही हात वर करा." त्यांनी डावा वर केला. उजवा अर्धा उठला आणि खाली गेला. श्रोत्यांना हा दिवंगताला अखेरचा नमस्कार वाटला असावा, कारण पुढच्या रांगेतल्या दोघांनी हात जोडले. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हॉस्पिटलला फोन लावायला पर्स उघडली, इतक्यात त्यांचा चेहरा सरळ झाला. त्यांनी घसा साफ केला, उभे राहिले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले,

"...संस्था होते."

आणि भाषण पुढे चालू. मी तिथे कडेला उभी, हातात फोन.

सभा संपल्यावर त्यांच्याभोवती गर्दी झाली. "दादासाहेब, आज तो रुला दिया आपने!" "असं भाषण नाही ऐकलं कधी!" मी गर्दीतून वाट काढत गेले.

"काका, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर हॉस्पिटलला चला."

"कन्ये," ते मला कन्ये म्हणत, मी पन्नाशी केव्हाच ओलांडली होती, "तो भावनावेग होता."

"भावनावेगाने उजवा हात पडत नाही."

मागून काकू, त्यांच्या पत्नी, आल्या. ठेंगण्या, हातात कापडी पिशवी. "काय म्हणाले? भावनावेग? यांना? सख्ख्या बहिणीच्या तेराव्याला मागून मागून जिलबी खाल्ली यांनी. तू घेऊन चाल गं यांना. मी बसते गाडीत."

अशा रीतीने दादासाहेब आले. मानेची सोनोग्राफी आणि मेंदूच्या नळ्यांचा स्कॅन झाला. डावी नळी सुईच्या नेढ्याइतकी उरली होती. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेक माणसांचं बोलणं मेंदूच्या डाव्या अंगाला असतं. म्हणजे शहरातला सर्वांत बोलका माणूस एवढ्याशा फटीतून बोलत होता. लगेच गोळ्या सुरू केल्या. त्यांच्या हृदयाची बायपास आधीच झालेली होती, हृदय तसं नाजूकच, त्यामुळे सर्जननी मान उघडायला नको म्हटलं. उरला स्टेंट.

दादासाहेबांनी मात्र डायरी काढली. "रविवारनंतर बघू. रविवारी एका ठिकाणी बोलायचंय. त्यांनी खास निरोप पाठवलाय, मॅनेजरांच्या वेळी जसं बोललात तसंच हवं."

"तसंच बोललात, काका, तर या वेळी वाक्य पूर्ण होणार नाही."

"तू फार निराशावादी आहेस. वडिलांवर गेलीस."

मग मी त्यांना नाव न घेता सियागंजच्या शेठजींबद्दल सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी विचारलं, "एकच शब्द?"

"एकच."

"आणि तोही हिंदी." तरी डायरी मिटली नाही.

मग मी शेवटचा उपाय केला. वैद्यकीय पुस्तकांत तो दिलेला नाही. म्हटलं, "काका, तुमच्या शोकसभेत कोण बोलणार?"

या प्रश्नावर त्यांनी पूर्वी विचार केलेला दिसला. चेहरा पडला. "पागे," ते म्हणाले. पागे सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक, मंडळाचे दुसऱ्या क्रमांकाचे वक्ते. "कागदावरून वाचतो. मधे चष्मा बदलतो. मला मनमिळाऊ म्हणेल तो. मनमिळाऊ!"

"आणि त्याआधीच तुमच्याजवळ एकच शब्द राहिला असेल, तर पागे सर तुमच्या वाणीबद्दल भूतकाळात बोलतील. तुमच्यासमोर, तुमच्या सत्कारात."

डायरी मिटली. "कधी यायचं?"

धोका मी दोघांना समजावून सांगितला. काहीही न होण्याची शक्यता सर्वांत मोठी. पण टेबलावरच झटका येऊ शकतो, बोलणं तिथल्या तिथे जाऊ शकतं. दादासाहेबांनी मान हलवली. बाहेर पडताना काकू मागे रेंगाळल्या.

"अगं, एक सांगू? घरात ते माझ्याशी काही बोलत नाहीत. सब्जी काय आणू, पेपर कुठे आहे, बस. पण शेजारच्या खोलीत भाषणाची तयारी चाललेली असते दिवसभर. मी काही ऐकत बसत नाही. माझं काम चालू असतं, कुकर, सीरियल. पण आवाज असतो. तो आवाज राहू दे. बाकी हातापायाचं मी बघून घेईन."

इतकं नेमकं संमतिपत्र मला दुसऱ्या कोणी दिलेलं नाही.

मानेतला स्टेंट बसवताना आम्ही पेशंटला भूल देत नाही. जांघेपाशी जागा बधिर करायची, बाकी माणूस जागा. कारण असं की, वर काही बिघडलं तर ते सर्वांत आधी कोणत्याही यंत्राला नाही, माणसाच्या बोलण्यात आणि हातात कळतं. म्हणून नळीच्या विरुद्ध बाजूच्या हातात दाबल्यावर वाजणारं खेळणं द्यायचं आणि त्याला बोलतं ठेवायचं. खेळणं वाजतंय आणि तोंड चालू आहे, म्हणजे मेंदू ठीक. आमच्या लॅबमध्ये त्यासाठी राजवाड्याच्या बाजारातून आणलेलं पिवळं रबरी बदक होतं. लाखो रुपयांच्या यंत्रांमध्ये माझा सर्वांत जास्त विश्वास त्या बदकावर होता.

"हे काय?" दादासाहेबांनी टेबलावर पडल्या पडल्या विचारलं.

"मी बदक म्हटलं की दाबायचं."

"मी? उपसंचालक?"

"उपसंचालकांनीसुद्धा."

माझ्या मदतीला डॉ. मुग्धा होती, नांदेडहून नुकतीच आलेली. आणि टेक्निशियन दुबे, जन्माने, चालीने आणि बोलण्याने अस्सल इंदुरी. दुबे पेशंटच्या डोक्यापाशी उभा राहत असे, चेहऱ्यावर लक्ष ठेवायला.

"काय बोलू?" दादासाहेबांनी विचारलं.

"काहीही. पाढे म्हणा, भाज्यांचे भाव सांगा. फक्त थांबू नका."

"विषय तर दे."

"तुमच्या आवडीचा घ्या."

त्यांनी डोळे मिटले. घसा साफ केला. "आज आपण सारे एका अत्यंत दुःखद प्रसंगी इथे एकत्र जमलो आहोत..."

मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. दुबे कुजबुजला, "मॅडम, कौन गुज़र गया?"

"अभी तक तो कोई नहीं," मी म्हटलं आणि तार वर सरकवली.

थोड्याच वेळात कळलं की कैलासवासी दादासाहेब खरगोणकर गुजरले आहेत. काम पागे सरांवर सोपवण्याची त्यांची तयारी नव्हती. ते स्वतःच उरकून घेत होते. बालपण, होळकरांच्या काळातले आजोबा, शिक्षणक्षेत्रातलं योगदान. आवाज तोच, पॉज तेच.

"त्यांचं जीवन म्हणजे..."

"काका, बदक."

बदक वाजलं. "...एक धगधगतं यज्ञकुंड होतं. अरे भिया, ये चादर तो ज़रा ऊपर कर दो, ठंड लग रही है. त्या यज्ञकुंडाची ऊब..."

"मॅडम," मुग्धा हळूच म्हणाली, "हे मराठीत बोलतायत की हिंदीत? बोलण्यात फरक पडलाय असं लिहू का?"

"इंदूरमध्ये बोलतायत. काही फरक नाही."

इथे आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. पेशंट काय बोलतोय ते आम्ही ऐकत नाही. तो बोलतोय, एवढंच ऐकतो. डोळे पडद्यावर, हात तारेवर, आणि कानाचा एक कोपरा त्या आवाजाला बांधलेला. अर्थाकडे लक्ष गेलं तर हात चुकतो. त्यामुळे दादासाहेबांच्या जीवनकार्याचा उत्तरार्ध माझ्या कानांवरून नुसता वाहत गेला. शोकसभेतही माझं याहून वेगळं काही होत नसे.

अरुंद जागेच्या पलीकडे आम्ही एक बारीक छत्री उघडतो. काम चालू असताना तुकडे सुटले तर ते वर जाऊ नयेत, छत्रीत पडावेत. छत्री उघडली. स्टेंट बसला. आता तो आतून फुगा फुगवून नळीला नीट टेकवायचा. सगळ्यांत नाजूक क्षण हाच. एकतर तुकडे सुटतात ते या वेळी. दुसरं म्हणजे मानेतल्या त्या जागी अशा नसा आहेत की त्या दाबल्या गेल्या की हृदयाचे ठोके मंदावतात.

फुगा फुगवला, लगेच रिकामा केला. ठोके मंदावले. आणि आवाज थांबला.

"काका?"

काही नाही.

"काका, बदक!"

बदक वाजलं नाही.

"मॅडम, पल्स चाळीसच्या खाली," मुग्धा म्हणाली.

"ॲट्रोपिन दे."

तिने दिलं. पडद्यावरचा आकडा चढू लागला. रक्तदाब सावरला. म्हणजे आता आवाज यायला हवा होता. आला नाही. मी नळीत क्ष-किरणांत दिसणारं औषध सोडून चित्र घेतलं. नळी चांगली उघडली होती, वरच्या सगळ्या फांद्या झाडासारख्या दिसत होत्या. पण चित्रात मोठ्या फांद्या दिसतात. बोलणं जायला डहाळीही पुरते. उजवा हात चादरीवर निपचित, बोटांत बदक. मला सियागंजमधली ती गादी दिसली, आणि काकूंची शेजारची खोली. अशा वेळी डॉक्टरच्या मनात पुढचे टप्पे आपोआप सुरू होतात, कोणती तार, कोणतं औषध, आधी काय. ते सुरू झाले. त्यांच्याखाली एक वाक्य सारखं चालू होतं, की हा माणूस आला तेव्हा बोलत होता.

"दुबे, तोंड बघ त्यांचं. वाकडं आहे?"

दुबेने उत्तर दिलं नाही.

मी पडद्यावरून मान वळवली. दुबे टेबलाच्या डोक्याशी ताठ उभा होता. हात दोन्ही बाजूंना सरळ, मान खाली, डोळे मिटलेले.

"दुबे!"

त्याने एक डोळा उघडला. "मॅडम, मौन चल रहा है," तो ओठ न हलवता म्हणाला. "दो मिनट का. काका ने ही तो बोला."

तेवढ्यात चादरीतून दादासाहेबांचा डावा हात वर आला आणि तर्जनी ओठांवर गेली. शाळेची तपासणी करताना ते वर्गाला गप्प करायचे, त्या पद्धतीने.

"काका, उजवा हात! उजव्या हातातलं बदक दाबा! आत्ता!"

दादासाहेबांनी डोळे उघडले. चेहरा सरळ, आवाज सरळ, व्याकरण शुद्ध. "कन्ये, मौनात बदक वाजवायचं का?"

आणि मग, माझ्याकडे नाराजीने बघत, त्यांनी ते उजव्या हाताने जोरात दाबलं.

मी त्यांना नाव विचारलं, दिवस विचारला, माझ्यामागून म्हणायला वाक्यं दिली. सगळं बरोबर. वाक्य म्हणून झाल्यावर त्यांनी माझ्या वाक्यात एक सुधारणाही सुचवली. मुग्धा भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय, ते मी विचारलं नाही. शिशाचा ॲप्रन मला त्या वेळी नेहमीपेक्षा जड वाटत होता.

छत्री मिटून बाहेर काढली. तिच्यात खसखशीएवढे पिवळट कण होते, चार-पाच. मी ते दादासाहेबांना दाखवले. "हे वर गेले असते तर?" त्यांनी विचारलं. गेले असते तर कदाचित सगळी भाषा गेली असती. कदाचित आपणहून विरघळले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता. मी त्यांना पहिली शक्यता सांगितली. गोळ्या वेळेवर घेतल्या जाव्यात म्हणून.

बाहेर काकू बाकावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. मला बघून उठल्या नाहीत.

"बोलतायत?"

"बोलतायत."

त्यांनी पिशवीच्या बंदाला घातलेला पीळ हळूहळू सोडवला. बराच घट्ट होता. मग विचारलं, "कोणावर?"

"स्वतःवर."

"मग लांबलं असेल," त्या म्हणाल्या, आणि तोंड पिशवीत घालून काहीतरी शोधू लागल्या. रुमाल असावा.

नंतर दादासाहेबांनी माझ्याविषयी गावात पुष्कळ सांगितलं. मी साक्षात सरस्वतीची राखण केली, असं एका सत्काराच्या भाषणात त्यांनी म्हटलं. पागे सरांनी त्यांच्या प्रकृतीविषयी चौकशी केली आणि आनंद व्यक्त केला, तोही कागदावरून. गोळ्या दादासाहेब नियमित घेतात. काकू त्या त्यांच्या तळहातावर ठेवून समोर उभ्या राहतात. दर वर्षी मानेची सोनोग्राफी होते. नळी उघडी आहे.

मी आता दवाखान्यात जात नाही, शोकसभांना जाते. वयानुसार आमंत्रणं बदलतात. दादासाहेब बोलायला उभे राहिले की लोक डोळे पुसतात आणि मी त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा बघत बसते. तो जागेवर असतो. पॉज आला की माझा श्वास थोडा अडकतो, मग पुढचा शब्द येतो, आणि पुढचा, आणि त्याच्याही पुढचे. यातलं माझ्यामुळे किती, हे मला माहीत नाही. पण एवढं नक्की सांगता येतं की वाणीवर काहीही परिणाम झालेला नाही.

मंडळाने गेल्या वर्षी सभागृहात नवीन साऊंड सिस्टीम बसवली. वक्त्याचा माईक बंद करायचं बटण खजिनदारांच्या खुर्चीपाशी आहे.